पायरीवरचा कप

विजयदुर्ग, १२ एप्रिल २०२५

प्रिय मेधा,

तुझ्या लग्नानंतर तुला एक ओळही लिहिली नाही, क्षमा कर. तुम्ही मे महिन्यात येताय म्हणून आज माझ्या सलोनीला तुझ्या सुयोगचा फोटो दाखवला. दुपारी ती भातुकली खेळत होती. सगळे कप पाटावर मांडले होते, एक मात्र बाहेर पायरीवर.

"ह्यो कोणाचो गो?"

"सुयोगदादाचो. तो आमच्या गड्यांसारखो दिसता मा!"

बागेतल्या नेपाळी गड्यांचे कप आपण पडवीत वेगळे ठेवतो, हे पाच वर्षांच्या पोरीला कोणी शिकवलं नव्हतं. तिनं फक्त पाहिलं. सुयोगचा चेहरा त्याच्या बाबांवर, प्रकाशरावांवर गेलाय, नेपाळी. तेवढं तिला पुरलं.

तुमच्यासमोर तिनं असाच कप मांडला तर? तू मुलाला घेऊन निघून जाशील, पुन्हा येणार नाहीस. 'येऊ नका' असंच लिहायला बसले होते; पण बदलायला हवं ते आपल्या घरानं, म्हणून हे पत्र पाठवणार नाही. कप नुसते लपवले, तर ती तेही बघेल.

तुझी,
ताई

उद्या: सकाळचा चहा गड्यांबरोबर आत बसून, घरातल्या कपांतून. कप सलोनी मांडेल.