पोळ्याच्या दिवशी चारी चाकं

ता. १८ ऑगस्ट १९४६, रवि. नागपूर

टायरवरून दादाशी आज पुन्हा वाजलं. लिलावात मिलिटरीची पिकअप घेतली तेव्हा हाच म्हणे, चारी चाकं ओढते, वावरात जाईन, संत्र्याचे पेटारे झाडाखालूनच उचलू. आता म्हणते, ते दातेरी टायर काढ, सडकेवर घुंघुं करतात, रबर खपते, गुळगुळीत घाल. अरे, मग चारी चाकाइले जोर देऊन काय आरती करतं त्याची? इटलीच्या डोंगरात दोन हिवाळे बर्फातून मी याच टायरांवर गाडी काढली. पण थोरल्या भावापुढं बोलावं किती.

शेवटी वयनी मधात पडली. "पुढं त्याइचे, मांगं तुमचे घाला, न् जेवाले या." तसंच केलं. गाडीचं तोंड दादाचं, बूड माझं.

ता. २१, बुध.

दादा आता स्वतः चालवतो म्हणते. देवा! दोन्ही लहान दांडे समजावून सांगितले. पुढच्या चाकाचा दांडा कोरड्या सडकेवर बंद ठेवायचा, नाहीतर हँडल जड येते. चिखल दिसला की लावायचा, फसल्यावर नाही. दुसरा हळू-जोराचा, तो गाडी उभी करून. सगळं ऐकून विचारते, "न् भोंगा कुठं आहे?"

धाकट्या बहिणीच्या, शेवंताच्या सासरहून निरोप आला. पोळा झाल्यावर धाडतो म्हणतात. आठवा सुरू आहे. पहिलं बाळंतपण, माहेरीच व्हायला पाहिजे. माय नाही तर काय झालं, वयनी आहे. मीच जातो आणायले.

ता. २५, रवि. खैरगाव

पोचलो. उघाड होती म्हणून काळ्या मातीची वाट बरी लागली. शेवंताचे पाय सुजले आहेत, पण हसते पहिल्यासारखीच. "नाना, तुमची गाडी हत्तीवानी ओरडते गा!"

संध्याकाळी बैलाइचे खांदे शेकले. तिचे सासरे, आपले मामाजी, पळसाच्या पानानं ऊन ऊन तूप-हळद दोन्ही बैलाइच्या खांद्यावर चोळून राहिले होते. सालभर जू वागवलेला खांदा. मग कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायले या." लढाईत होतो तेव्हा याची आठवण येत असे, कोणाले सांगितलं नाही कधी. उरलेलं तूप मामाजीनं गाडीच्या मडगार्डले लावलं. सगळे हसले.

दिवे लागता लागता पाऊस सुरू झाला. जोराचा आहे.

ता. २६, सोम. पोळा

नागपूरच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात लिहून राहिलो. वही गुडघ्यावर आहे. अक्षर लागलं तर लागलं.

सकाळीच शेवंताले कळा लागल्या. दिवस भरायच्या आधीच. सुईण बाहेर आली न् म्हणाली, "लेकरू आडवं आहे. माझ्या हातचं काम नाही. नागपूरले न्या." बैलबंडीचं कोणी नावच काढलं नाही. पोळ्याले बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. मी म्हणलं, काहून घाबरता, गाडी आहे नं आपली! मोठ्या तोऱ्यात म्हणलं.

मागं गादी टाकून तिले निजवलं, सासू उशाशी बसली. दोन्ही दांडे लावले. बर्फात शिकलो तसा अगदी हळू निघालो, पाय हलका ठेवून. पण बर्फ चाकावरून झडते, काळी माती झडत नाही. चाकाचे लाडू झाले. दातच भरले तर दातेरी काय न् गुळगुळीत काय! नाल्याच्या चढावर दादाचे टायर जागीच फिरले, गाडी तिरपी झाली न् बूड टेकून बसली. मागून शेवंता कण्हत होती. मग तेही ऐकू येईना.

मामाजी धावत गेले न् बैल घेऊन आले. शिंगाले बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरं. म्हाताऱ्यानं जू उचललं, पण बैलाच्या खांद्यावर ठेववेना. "माफ करजा रे माझ्या राजाहो..." शेजारचा किसना पुढं झाला. मामाजीच्या हातातून जू घेतलं, बाजूले ठेवलं. "राहू द्या बाबा. सुटी बैलाइले आहे. आमाले कोनं देल्ली?"

पोळ्याचे नवे कपडे घातलेली माणसं तशीच चिखलात उतरली. बैलाइसाठी वळलेले नवे दोर गाडीले बांधले न् खांद्यावर घेतले. बाया घराघरातून पऱ्हाट्यांचे, कपाशीच्या वाळल्या काड्यांचे, भारे घेऊन आल्या. पावसाळ्यात चुलीले हेच कोरडं सरपण, ते अख्खं चाकाखाली घातलं. उद्या काय जाळू, असं एकीनंही म्हणलं नाही. किसना ओरडला, "हळू नाही नाना, आता पळवा!" मी चाकं जोरात फिरवली. माती उडाली, दात मोकळे झाले, पऱ्हाट्या धरल्या. सगळे एका दमात ओढून राहिले. किसन्याचा खांदा दोरानं सोलला, सदऱ्यावर रक्त दिसलं. गाडी वर आली.

थांबलो असतो तर पुन्हा फसलो असतो. कोणाले धड राम राम केला नाही.

संध्याकाळच्या आत पोचलो. मुलगी झाली. ओंजळीएवढी आहे, पण रडली. शेवंताचं काही सांगता येत नाही म्हणे डॉक्टरीण.

ता. २७, मंगळ.

शेवंता तापानं फणफणली आहे. डोळे उघडत नाही.

पोळ्याचा दुसरा दिवस, सडकेवरून मारबतीचा पुतळा गावाबाहेर जाळायले चालला होता. लोक बेंबीच्या देठापासून ओरडून राहिले, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" माझ्यानं राहवलं नाही. व्हरांड्यातून मीही ओरडलो, "आमच्या शेवंताचा ताप घेऊन जा गे मारबत!" नर्सबाई धावत आली न् झापलं. मग इकडंतिकडं पाहून म्हणते, "आणखी एकदा म्हणा. मी तिकडे जाते."

दादा आला. शेवंताले पाहून बाहेर गेला तो बराच वेळ आलाच नाही. जाऊन पाहतो तर गाडीपाशी उकिडवा बसून काडीनं पुढच्या चाकाची माती खरवडून राहिला. मान वर न करता म्हणे, "चारी दातेरी घालून घे." मी म्हणलं, सडकेवर रबर खपते. "खपू दे नं बाबा!" न् पुन्हा माती खरवडायले लागला.

ता. २९, गुरु.

दुपारी तिनं डोळे उघडले. देवाचे, डॉक्टरणीचे, त्या गावाचे, कोणाकोणाचे उपकार मानू. पोरगी कुशीत दिली. तिच्या डोक्यावर हात ठेवला, न् पहिली गोष्ट मले विचारली, "नाना, माह्यापायी बैल जुंपले काय गा?"

"नाही वं. माणसं जुंपली."

सगळं सांगितलं. नवे दोर, पऱ्हाट्या, किसन्याचा खांदा. ऐकता ऐकता रडली, आवाज न करता. मग डोळे मिटले. मी समजलो झोपली. तर म्हणते, "मंग त्याइचे खांदे कोन शेकीन?"

घरी येऊन वयनीले सांगितलं. तिनं उठून तूप कढवायले ठेवलं.

रात्री दवाखान्यात गेलो तर ताप पुन्हा चढला होता. डॉक्टरीण म्हणते, अजून भरवसा नाही. माझा पाय निघत नव्हता, पण शेवंतानंच पाठवलं, दादा बसला आहे तिच्यापाशी. पहाटे खैरगावले निघतो. मागं कोरडी लाकडं भरली, घरटी एक भारा तरी जाईन. तूप-हळदीचा डबा सीटवर माझ्याजवळ. पळसाची पानं तिकडं मिळतीन. चारी टायर दातेरी. आभाळ भरून आलं आहे.

दवाखान्यातून निघताना शेवंतानं हात धरला होता. "किसन्यापासून सुरू करजो."