कट म्हटल्यावरची ओटी

धीरज,

हे पत्र तुले देणार नाई, म्हणून लिहून राह्यली.

तू वर्ध्याच्या मोठ्या दुकानदाराचा पोरगा, पिक्चरचा डायरेक्टर. मी हिंगणीची, तुह्या पिक्चरचे कपडे शिवणारी. बोर धरणावर तूच म्हणालता, पिक्चर झाला का घरी आपल्या लग्नाचं सांगतो.

काल हिरोईन आली नाई, तं नव्या सुनेची ओटी भरायच्या शॉटले तू मले उभं केलं. सासूच्या जागी सुलोचनाकाकूले, तुह्या आईले, बसवलं. माह्या कानात म्हणाला, "आईच्या हातानं एकदा ओटी भरू दे. तिले सवय होईन."

काकूनं कुंकू लावलं, खण-नारळ अन् तांदूळ माह्या पदरात टाकले. त्यायचे डोळे भरून आले. मले ते खरंच वाटलं.

तू कट म्हटलं, अन् काकूनं माह्या पदरातून नारळ उचलून घेतला. "घरचा आहे. शिवणाऱ्या पोरीले काऊन द्याचा?"

भरलेली ओटी कोणी परत घेते का रे? राहू दे आई, एवढंच तू म्हणशीन, असं वाटलं होतं. पण तू कॅमेऱ्यात पाहून राह्यला होता. माहा चेहरा आला नाई, फक्त हात आले, म्हणून खुश होता. उरलेले तांदूळ धरून मी तशीच उभी होती.

"अंकिता, पदर सोड," तू वर न पाहता म्हणाला. "शॉट झाला."

मी सोडला.

उद्या हिरोईनच्या चेहऱ्याचा शॉट आहे. मी नेसलेलं तेच पातळ तिच्यासाठी इस्त्री करून ठेवलं आहे.

पडद्यावर जिचे फक्त हात दिसतीन ती,
अंकिता