जिला मी नापास केलं

अण्णा,

आज शुक्रवार, इथला सुट्टीचा दिवस. मी मस्कतला नवीन आले तेव्हा तुम्हाला याची गंमत वाटायची. फोनवर म्हणायचात, "आमचा दवाखाना चालू आणि तुमची सुट्टी. उलटाच देश दिसतोय." अल हैलच्या आमच्या गल्लीत आत्ता सामसूम आहे. समोरच्या घरातली माणसं नमाजाला गेली आहेत. माझा नवरा काल संध्याकाळी सोहारहून आला तो अजून झोपलाय. तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तो इंजिनिअर आहे, आठवडाभर तिकडेच राहतो. हे सगळं त्याला सांगता आलं असतं, थोडं सांगितलंही. पण तो म्हणतो, "तू नियमाप्रमाणे मार्क दिलेस ना? मग खलास." माझ्या बाबतीत ते खलास होत नाही. गेले कित्येक महिने तेच डोक्यात घेऊन मी वॉर्डात जाते-येते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ज्याला हे सांगावं असं माणूस शोधायला गेले की मी तुमच्यापाशीच येते.

मी आता इथल्या बोर्डाची परीक्षक आहे. आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "तुझ्या नावाचा बोर्ड लावला का तिथे?" मी हो म्हटलं, तिला आनंद झाला. तुम्हाला एवढं सांगावं लागलं नसतं. मी आले तेव्हा आमच्या हॉस्पिटलात तज्ज्ञ म्हणजे बहुतेक बाहेरचेच होते. आपले, इजिप्तचे, सुदानचे. इथली मुलं शिकायला परदेशी जायची, नाहीतर अरब देशांच्या सामाईक बोर्डाची परीक्षा द्यायची. मग या देशाने स्वतःचं बोर्ड उभं केलं. बालरोगतज्ज्ञ व्हायचं तर इथल्या तरुण डॉक्टरांनी काही वर्षं वॉर्डात काढायची, लेखी परीक्षा द्यायची आणि शेवटी आमच्यासमोर तोंडीला बसायचं. समोर दोन परीक्षक. दोघांनी एकमेकांशी न बोलता वेगवेगळे मार्क द्यायचे. कशाला किती मार्क, कोणती चूक अजिबात चालणार नाही, हे सगळं आधी छापलेलं. परीक्षकाची लहर उमेदवाराला भोवू नये म्हणून केलेली ही सोय. तुमच्या वेळी ती नव्हती.

तुम्ही मुंबईत एम.डी.ला दोनदा बसलात आणि दोन्ही वेळा तोंडी परीक्षेत अडकलात. तिसऱ्यांदा बसला नाहीत. देवरुखला परत आलात, बाजारात दवाखाना टाकलात. पाटी रंगवणाऱ्याने विचारलं, "एम.बी.बी.एस.च्या पुढे काय लिहू? स्पेशालिस्ट लिहितो, चांगलं दिसतं." तुम्ही म्हणालात, "पुढे काही नाही." नाक्यावरच्या डॉक्टरांची डिग्री तुमच्याएवढीच होती, पण त्यांच्या पाटीवर हृदयविकार आणि मधुमेह तज्ज्ञ असं ठळक लिहिलेलं होतं आणि त्यांच्या बाकांवर गर्दीही जास्त असायची. आई त्यावरून बोलली की तुम्ही अमेरिकेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांची गोष्ट काढायचात. तिथे एकेकाळी कुणीही उठावं, चार आठवडे कुठेतरी शिकून यावं आणि नेत्रतज्ज्ञ म्हणवून घ्यावं. लोकांचे डोळे जायला लागले. तेव्हा चांगल्या नेत्रतज्ज्ञांनी एकत्र येऊन स्वतःच एक बोर्ड काढलं आणि सांगितलं, आमच्यासमोर परीक्षा द्या, मगच स्वतःला तज्ज्ञ म्हणवा. सरकारने सांगितलं नव्हतं, कायदा नव्हता. मग नाक-कान-घशाचे आले, बाळंतपणाचे आले, आणि हळूहळू सगळ्याच शाखांची बोर्डं झाली. ही गोष्ट सांगताना तुमचा आवाज चढायचा. ज्याला परीक्षेने दारातून परत पाठवलं तो माणूस परीक्षेची बाजू इतक्या हिरिरीने का घेतो, हे मला तेव्हा कळायचं नाही.

एक दुपार आठवते. मी मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला, एका तोंडी परीक्षेत नापास होऊन घरी आलेय. स्वयंपाकघरात तुम्ही जेवताय, कुळथाची पिठी आणि भात. आई वाढतेय. मी दारात उभी राहून सांगतेय की तो परीक्षक मुद्दाम मुलींना पाडतो. तुम्ही घास हातात धरून विचारता, "तुला उत्तर येत होतं?"

"तो असा बघत होता ना अण्णा, की कोणालाही..."

"बघू दे. उत्तर येत होतं का?"

मी मान हलवते, नाही. आई म्हणते, "जेवू द्या तिला आधी." तुम्ही आवाज न चढवता म्हणता, "मग त्याच्यावर ढकलू नकोस. मीही ढकललं नाही. मला त्या दिवशी उत्तर आलं नव्हतं." आणि ताटातलं संपवून हात धुऊन दवाखान्यात निघून जाता. तुमच्या परीक्षेबद्दल तुम्ही माझ्याशी बोललात ते तेवढंच. त्या वेळी आई पिठी गरम करायला वळली होती. तिने ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

आता ती मुलगी. मुलगी म्हणतेय, पण तिशीची डॉक्टर आहे, डोंगराकडच्या रुस्ताक गावची. तोंडीच्या दिवशी ती आत आली, सलाम केला, खुर्चीच्या कडेवर बसली. पहिल्या दोन केस तिने चांगल्या सांगितल्या. तिसरी माझी होती. मी म्हटलं, "लहान मूल आहे. काही दिवस तहान तहान करत होतं. आता उलट्या, श्वास खोल आणि जोरात, डोळ्यांवर गुंगी. रक्तातली साखर खूप वाढलेली. काय करशील?" मधुमेह बिघडल्याचं निदान तिने ताबडतोब सांगितलं, अगदी बरोबर. मग म्हणाली, "इन्सुलिन. शिरेतून, एकदम."

"त्याआधी काही?"

ती थांबली. "इन्सुलिन," पुन्हा म्हणाली, या वेळी हळू. अण्णा, तिथे आधी सलाईन द्यायचं असतं, पोटॅशियम बघायचं असतं, आणि मग इन्सुलिन सावकाश थेंबाथेंबाने. एकदम दिलं तर मेंदूला सूज येऊ शकते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. छापलेल्या कागदावर ही न चालणारी चूक म्हणून दिलेली होती. मी पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत विचारलं. ती टेबलाकडे बघत राहिली. घंटा वाजली.

माझ्याबरोबरचे परीक्षक इथलेच, वयाने माझ्याहून मोठे, अतिशय सज्जन. त्यांनी तिला काठावर पास केलं होतं, मी नापास. असा फरक पडला की दोघांनी बसून बोलायचं असतं. ते म्हणाले, "डॉक्तोरा, मुलगी घाबरली होती. निदान तर बरोबर होतं."

मी म्हटलं, "त्या उत्तराने मूल दगावलं असतं."

"खोलीत मूल नव्हतं. आपण दोघं होतो." त्यांनी छापलेला कागद पुन्हा वाचला. मग म्हणाले, "पण लिहिलेलं आहे, ते आहे." त्यांनी आपले मार्क बदलले. उठताना म्हणाले, "इन्शाल्ला, पुढच्या वेळी."

मी गाडीत येऊन बसले, पण गाडी सुरू केलीच नाही. इथे आता इथल्या माणसांना आधी नोकरी देतात, आणि ते योग्यच आहे. त्यांचा देश, त्यांची मुलं. या परीक्षेतून जो पास होतो तो एक दिवस आमच्यापैकी कुणाच्या तरी जागी येतो. माझा करार दर दोन वर्षांनी पुढे सरकतो आणि पुढच्या वर्षी तो संपणार होता. हे परीक्षेच्या खोलीत माझ्या मनात आलं नव्हतं, मी शपथेवर सांगेन. पण गाडीत बसल्यावर आलं, आणि एकदा आल्यावर ते आधीपासूनच होतं की काय, असं वाटायला लागलं. दोन दिवसांनी कॅन्टीनमध्ये माझा एक सहकारी, आपल्याच देशातला, हसत म्हणाला, "अच्छा किया मॅडम, एक साल तो और निकल गया." त्याने गंमत केली होती. मी चहा तसाच ठेवून उठले. मग कितीतरी दिवस मी तीच केस पुस्तकात काढून वाचत होते, आपलं चुकलं नाही ना हे बघायला. चुकलं नव्हतं. त्याने बरं वाटलं नाही.

महिन्यातून एकदा मी रुस्ताकच्या हॉस्पिटलात मुलं तपासायला जाते. तिथे ती भेटली. मी टाळलं असतं, पण तीच कावा, म्हणजे इथली वेलची घातलेली कॉफी, आणि खजूर घेऊन माझ्या खोलीत आली. इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "मला उत्तर येत होतं, डॉक्तोरा. वॉर्डात मी अशी मुलं सांभाळली आहेत. तुम्ही 'त्याआधी काही?' विचारलंत, तेव्हा तुमचा चेहरा असा झाला की मला वाटलं माझं सगळंच चुकलं. मग काही आठवेना."

मी विचारलं, "वॉर्डात असं होत नाही?"

"वॉर्डात माझ्याकडे असं कोणी बघत नाही."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. कोणी मार्क दिले, कोणी कापले, हे तिने विचारलं नाही, आणि मला सांगताही आलं नसतं. जाताना फक्त म्हणाली, "पुढच्या वेळी तुम्ही असाल?" मी म्हटलं, "माहीत नाही." घरी आल्यावर मी आरशासमोर उभी राहून "त्याआधी काही?" असं म्हणून बघितलं. इंग्रजीत, मग मराठीत. नवरा म्हणाला, "कोणाशी बोलतेयस?" तुम्ही असतात तर म्हणाला असतात, तिला उत्तर आलं नाही, तुझ्या चेहऱ्यावर कशाला ढकलते? पण ती ढकलत नव्हती, अण्णा. जे झालं ते सांगत होती. आणि घाबरल्यावर ज्याला उत्तर आठवत नाही, त्याच्या हातात मूल द्यावं का, हा प्रश्न तरीही उरतोच. गाडी चालवताना मी दोन्ही बाजूंनी भांडते आणि दोन्ही बाजूंनी हरते.

तिच्या पुढच्या परीक्षेत मला ठेवू नका, असं मी बोर्डाला कळवलं. त्यांनी कारण विचारलं नाही. गेल्या आठवड्यात निकाल लागला. ती पास झाली, चांगल्या मार्कांनी. ईदनंतर ती आमच्याच वॉर्डात रुजू होतेय. त्याच दिवशी आमच्या विभागप्रमुखांनी मला बोलावून सांगितलं की माझा करार या वेळी एकाच वर्षाचा होईल. "याचा त्याच्याशी काही संबंध नाही," ते म्हणाले. मी विचारलं नव्हतं. नवरा म्हणाला, "वर्ष तर वर्ष. घरी जाऊ." मी निकालाचा मेसेज पाहिला तेव्हा खरंच आनंद झाला होता, आणि धास्तीही वाटली होती, दोन्ही एकदम. ईदनंतर सकाळच्या राउंडला ती माझ्या शेजारी उभी असेल. एखाद्या मुलाबद्दल मला तिला विचारावं लागेल की काय करशील, आणि त्या वेळी माझा चेहरा कसा असेल ते मला दिसणार नाही.

हे पत्र मी आईला फोनवर वाचून दाखवलं असतं. पण ती अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की तुम्ही गावासाठी मोठी डिग्री सोडलीत. तिला तसंच सांगू दे. म्हणजे हे इथेच राहील.

एकच सांगायचं राहिलं. तुमच्या एम.डी.च्या शेवटच्या तोंडी परीक्षेत तुम्हाला नेमका कोणता प्रश्न आला होता, ते मी कधी विचारलं नाही. लहान होते तेव्हा सुचलं नाही. एम.डी. झाल्यावर सुचलं, कितीदा तरी ओठांवर आलं, आणि मुद्दाम विचारलं नाही. मला त्याचं उत्तर येत असेल, याची भीती वाटायची.