घुंगरांची काठी

बाबा,

काल कुरुंद्याला गेले होते. तिथल्या शाळेत माझा प्रयोग होता. तोच जुना, आपल्या गावातली वेठ कशी मोडली ते एकटीनं उभं राहून सांगायचा. तुम्ही जाऊन चोवीस वर्षं झाली आणि मी अजून तेच सांगते आहे. गुडघे कुरकुरतात, पण आजोबांसारखं वाकायचं म्हटलं की पाठ बरोबर वाकते. प्रयोग संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ गर्दीतून हळूहळू माझ्याकडे आले. गोरेगावच्या शाळेत तुमच्या जोडीला शिपाई होते ते. त्यांनी एक गोष्ट विचारली आणि मी त्यांना खोटं सांगितलं. ते तुम्हाला सांगायला बसले आहे, पण मागचं सगळं बोलल्याशिवाय जीभ रेटायची नाही.

मी तिसरीत असताना मामानं पैंजण आणले होते, आठवतं? मी घरभर छुमछुम करत फिरत होते. तुम्ही शाळेतून आलात, चपला काढल्या नाहीत, मला मांडीवर घेतलं आणि पक्कड घेऊन एकेक घुंगरू तोडून काढलं. मी एवढं रडले की आईनं तुम्हाला नाही नाही ते ऐकवलं. तुम्ही मुके पैंजण परत माझ्या पायात घातलेत आणि म्हणालात, "आता बराबर झाले." कितीतरी वर्षं मला वाटायचं, माझा बाप विक्षिप्त आहे.

मग तो रविवार आला. आई लग्नाला माहेरी गेली होती आणि तुम्ही चुलीपुढं भाकरी थापत होता. तोवर मी शिक्षिका झाले होते आणि गावोगावी गोष्टी सांगायचं खूळ डोक्यात शिरलं होतं. येसकरकीचं विचारलं की तुम्ही नेहमी "व्हतं तसं, गेलं ते" म्हणून उठून जायचात. त्या दिवशी हात पिठात होते, उठता आलं नाही. तुम्ही सांगत गेलात. येसकराची पाळी आपल्या आळीत घराघरानं फिरायची. ज्याची पाळी त्यानं गावाची सगळी कामं फुकट करायची, मेलेलं ढोर ओढायचं, सरकारी माणसाच्या घोड्यापुढं पळायचं, आणि संध्याकाळी दारोदार भाकर मागायची. हातात घुंगरांची काठी, म्हणजे कोण आलं ते आतल्यांना न बघताच कळावं.

आजोबा तापानं पडले होते म्हणून एका संध्याकाळी ती काठी तुमच्या हातात आली. तुम्ही आठ वर्षांचे. एका दारात बायका बसल्या होत्या. त्या वाईट नव्हत्या, हे तुम्ही मला तीनदा सांगितलंत. "काठी वाजवून नाच म्हनल्या. मी नाचलो. पुन्यांदा म्हनल्या, पुन्यांदा नाचलो. चांगला नाचलो म्हनून गूळ बी देला." तो गूळ तुम्ही खुशीनं घरी येऊन आजोबांना दाखवलात. आजोबा तापातून उठले, काठी गुडघ्यावर मोडली आणि चुलीत घातली. त्याच जाळावर त्या दिवशीच्या भाकरी झाल्या. दुसऱ्या दिवशी पाळी घ्यायला ते गेले नाहीत, मग शेजारचे गेले नाहीत, मग कुणीच गेलं नाही. आळीनं बुद्धाची दीक्षा घेतली ती त्यानंतर. "घुंगरं काई जळत न्हाईत," तुम्ही म्हणालात. "राखंतून येचून बापानं वढ्यात टाकली." आणि शेवटी, तव्यावरून नजर न काढता, "नाचल्याचं तुज्या आईला बी ठाऊक न्हाई. तुलाच सांगितलं. कुठं काढू नको."

मी काढलं, बाबा. महिनाभरात काढलं. हिंगोलीच्या बाजारात बैलांच्या साजाच्या दुकानातून घुंगरं आणली, कळकाच्या काठीला बांधली आणि तुमच्याच शाळेच्या पटांगणात प्रयोग लावला. तुम्हाला एवढंच सांगितलं की आजोबांनी काठी मोडली ते दाखवणार आहे. तुम्ही सकाळपासून राबून खुर्च्या मांडल्यात, इस्त्रीचा सदरा घातलात आणि पहिल्या ओळीत जाऊन बसलात. शिपायानं पहिल्या ओळीत बसायचं नसतं, पण त्या दिवशी हेडमास्तरांनीच बसवलं होतं.

मला वाटलं होतं, पोरगं नाचताना बघून लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल. पण मी फार छान नाचले. लोक हसले. शिट्ट्या पडल्या, टाळ्या पडल्या, मागून कुणी तरी ओरडलं, "अजून एकदा!" आणि मी, तुमची शिकलेली लेक, अजून एकदा नाचले. त्या दुसऱ्या वेळी गिरकी घेताना तुम्ही दिसलात. तुम्ही उठला होता. आपली खुर्ची घडी करून भिंतीच्या कडेला लावलीत आणि फाटकातून बाहेर गेलात. काठी मोडण्याचा प्रसंग तुम्ही पाहिलाच नाही.

घरी आले तेव्हा तुम्ही रांजण भरत होता. मी म्हटलं, "बाबा, लोकांना कळायला नको का?" तुम्ही म्हणालात, "कळलं की. हसले न्हाई का." मग घागर रिकामी केलीत आणि म्हणालात, "चांगली नाचली तू. मी बी चांगलाच नाचलो व्हतो."

तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. त्यानंतर आठ महिने तुम्ही माझ्याशी रोज बोललात. भाजीत मीठ कमी आहे, सेनगावची गाडी आज उशिरा येऊन राहिली, छत्री घेऊन जा. त्या प्रयोगावर मात्र एक शब्द नाही. माफी मागायला मी चांगल्या दिवसाची वाट बघत राहिले, तुम्ही आजारी नसाल, मी घाईत नसेन, असा. एक दिवस भर तासात शाळेचा निरोप आला, तुम्ही घंटेखाली कोसळला होता. मी पोचेपर्यंत संपलं होतं.

दोन वर्षं मी तोंड उघडलं नाही. मग पुन्हा उभी राहिले, कारण मी नाही सांगितलं तर आजोबांची ती काठी कुणाच्याच लक्षात राहणार नव्हती. आता काठीला घुंगरं नाहीत. मी नाचत नाही. "इथं आठ वर्षांचं लेकरू नाचलं," एवढंच म्हणते आणि गप्प उभी राहते. कुणी हसत नाही. आणि शेवटी एक प्रसंग घालते. पटांगण रिकामं झालंय, माझा बाप जवळ येतो, डोक्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "बरं केलंस, माय. माज्या उरावरचं वझं उतरलं." बायका पदर डोळ्याला लावतात. ते मी रचलंय, असं मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

काल तुमचे ते दोस्त समोर उभे राहिले. माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, "पोरी, त्या दिशी फाटकाबाहेर म्याच गाठलं व्हतं त्याला. लई रडला. लेकरावानी. म्या म्हनलं, काहून रडून राहिला, तर बोलंना. मला इतकी वर्सं तकलीफ व्हती की हा असाच गेला. आज कळलं, तुज्यापाशी मन मोकळं केलं त्यानं. खरंच म्हनला का गं तसं?"

तुम्ही रडलात हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते इतक्या आशेनं बघत होते. मी म्हटलं, "व्हय, काका. म्हनले."

त्यांचा चेहरा मोकळा झाला. एस. टी.त बसल्यावर मी ठरवलं, पुढच्या आठवड्यात सेनगावला प्रयोग आहे, तिथं तो शेवट काढून टाकायचा. आज सकाळी वही उघडून त्यावर काट मारायला बसले, ते हे पत्र लिहीत बसले.

काट मारलेली नाही, बाबा. ते प्रेक्षकांसाठी आहे असं मी स्वतःला सांगत आले, पण तसं नाही. ते वाक्य मी तुमच्या आवाजात म्हणते. तेवढ्यापुरतं मला ते तुमच्याकडून ऐकू येतं.