भूमिकाचा डावा कान

अहो,

मी धुळ्याला निघाले. अक्षरांचे आवाज शिकवणारं ते अ‍ॅप आता आमच्या शाळेत पहिलीला लावणार आहेत, त्याचंच प्रशिक्षण आहे. रजा मागितली, मिळाली नाही.

आज भूमिकाला टॅबवर बसवू नका. काल तिने पुन्हा 'स'ला 'फ' म्हटलं, तुम्ही "लक्षच नाही हिचं" म्हणून ओरडलात आणि मळ्यात निघून गेलात. नंतर मी तिला हेडफोन उलटा घातला. त्याची एकच बाजू वाजते ना, ती उजव्या कानावर येताच पोरीने सगळे आवाज बरोबर ओळखले. डाव्या कानावर आली की नुसती माझ्या तोंडाकडे बघत बसायची.

तिला आजच जळगावला कानाच्या डॉक्टरांकडे न्या. आज केळीची गाडी भरायची आहे, ते तुमचे आबा पाहतील. ते म्हणतील, पोरीला काही झालेलं नाही. म्हणू द्या. वाद घालायचं त्राण आता माझ्यात नाही. डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आहेत.

झोपताना ती म्हणाली, "आई, पप्पा आधी इतकं हळू बोलतात, मग एकदम जोरात का बोलतात?"

तुम्हीच सांगा तिला.

दिपमाला