दिवा न लावता

प्रिय धाकटे,

आठवतं का गं, शवासनात पडल्या पडल्या तू चक्क घोरायला लागायचीस आणि मी पायाच्या अंगठ्याने तुला ढोसायचे? पलीकडच्या पलंगावर तुझा दादा रात्रपाळी करून नुकताच आडवा झालेला असायचा, म्हणून दिवा लावायचा नाही हा आपला नियम. खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात तू मला नुसती आकारानेच दिसायचीस. कपालभातीचे आकडे तू कुजबुजत मोजायचीस. 'एकोणसत्तर' आलं की कॉन्व्हेंटमधली मी हळूच विचारायचे, म्हणजे सेव्हन्टी-नाईन का? तू पोट धरून हसायचीस. "मडम, सिक्स्टी-नाईन! चला, आता पुन्हा पहिल्यापासून." मग उशीत खुपसलेल्या तोंडातून दादा करवादायचा, "अगं, श्वासाबरोबर आवाजही आतच ठेवा की!" नणंद-भावजयीचं इतकं पटतं हे शेजारणींना खरंच वाटायचं नाही.

अजूनही मी रोज पहाटे चटई अंथरते. आता दिवा लावला तरी कुणाची झोप मोडणार नाही, पण हात बटणाकडे जात नाही. आकडे माझे मीच मनातल्या मनात मोजते, मराठीत, आणि चुकत नाही. चुकले तरी हसायला कोण आहे म्हणा! खालचा न्हावी शटर वर करतो, तो दिवसाचा पहिला आवाज. कधी कधी दुपार होते तरी मी स्वतःचा आवाज ऐकलेला नसतो. परवा कुणाचा तरी चुकून फोन लागला. "सॉरी हं, आजी," म्हणाला बिचारा. मी त्याला 'काही हरकत नाही' असं दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत त्याने फोन ठेवला होता.

मागच्या महिन्यात वृक्षासन करताना नेहमीसारखी खिडकीच्या मधल्या गजावर नजर ठेवली, तर एकाचे दोन गज झाले. अंधुक उजेडाचा खेळ असेल म्हणून डोळे चोळले. शेवटी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आसन मधेच सोडून दिवा लावला. लख्ख उजेडातही दोनच. डॉक्टरीणबाई प्रेमळ आहेत. मेंदूच्या खालच्या बाजूला लहानशी गाठ आहे, काढावी लागेल, म्हणाल्या. घरचं कुणी आलंय का सोबत, असं त्यांनी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मी पर्समध्ये रुमाल शोधत बसले.

दवाखान्याच्या फॉर्मवर 'जवळचे नातेवाईक' या शब्दांपुढे मी तुझं नाव लिहिलंय, तुला न विचारता. दादा गेल्यावर तू दारातच विचारलं होतंस, "वहिनी, मला कळवलं का नाहीस?" सगळं अचानक झालं, असं मी सांगितलं. ते खोटं होतं गं. नऊ दिवस होते माझ्या हातात. दादा तुझी आठवण काढायचा, आणि मी म्हणायचे, निघालीय ती, पोचेलच. ते नऊ दिवस मला माझ्या एकटीचे हवे होते. तू ते तेव्हाच ओळखलं असशील, नाहीतर सहा वर्षं अशी तोंड फिरवून बसणारी तू नव्हेस. माफ कर असं तरी कोणत्या तोंडाने म्हणू? पण या वेळी आधी कळवतेय, त्याचसाठी हे पत्र. सोमवारी भरती व्हायचंय, मंगळवारी ऑपरेशन. माझं काही बरंवाईट झालं तर शिवणाचं मशीन समोरच्या शिंपीणबाईंना दे, त्यांचं फार कुरकुरतं. मला शाळेत बक्षीस मिळालेली जाड डिक्शनरी तुझ्या लेकीला. गरम कपडे न्हाव्याच्या आईला, तिला माझ्याच मापाचे होतील. आणि दादाचं मनगटी घड्याळ तुझं. ते मात्र मी कुणाच्या हाती पाठवणार नाही आणि मागेही ठेवणार नाही. रविवारी येऊन माझ्या हातून घेऊन जा.

तुझीच,
वहिनी