एकच शीत

विद्यानगर, हैदराबाद
गुरुवार

ती. आईला त्रिवेणीचा नमस्कार.

खोली हवेशीर आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा काळा मसाला अजून अर्धी बरणी उरलाय. घरमालकीणबाईंनी आपणहून दुसरी खुर्ची दिली. तिच्यावर मी कागद ठेवते.

माझं काम नेमकं काय, असं तू विचारलं होतंस. उद्या शिक्षक होणाऱ्या मुलामुलींना आकडे तपासून विचार करायची सवय किती आहे, ते मी प्रश्नावली देऊन मोजते. काल विचारलं होतं, एका शिकवणीतला एक मुलगा पहिला आला, तर शिकवणी चांगली म्हणायची का? साठातल्या पंचेचाळीस जणांनी ‘हो’ लिहिलं. भाग्यलक्ष्मी नावाची मुलगी तर मला तेलुगूत म्हणाली, “मॅडम, आमची अम्मा एकच शीत दाबून बघते आणि भात झाला म्हणते.”

मला तुझी बोटं आठवली. तिला म्हटलं, भात एका पातेल्यात, एका आचेवर शिजतो गं. माणसांचं तसं नसतं.

बाबांचा गुडघा कसा आहे? जिना चढू देऊ नकोस.

तू मावशीला सांगितलंस म्हणे, त्रिवेणी तिकडे छान रुळली, रविवारी फोनवर किती हसत होती. परेशान होऊ नकोस, पण आई, रविवारची ती दहा मिनिटं म्हणजे एकच शीत आहे. आणि ते मी शनिवारपासून निवडून ठेवलेलं असतं.

तुझी,
त्रिवेणी